बंद पाकिटातली पदवी

नवऱ्याच्या नोकरीमुळे अमेरिकेत आलेली मराठी बाई मूल शाळेत जाऊ लागल्यावर पुन्हा कॉलेजात जायचं ठरवते. तेव्हा तिची पहिली अडचण असते एक पाकीट. महाराष्ट्रातल्या तिच्या विद्यापीठाच्या परीक्षा विभागाने ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, काढून, शिक्का मारून बंद केलेलं हे पाकीट परदेशी पदवी अमेरिकेतल्या कशाच्या बरोबरीची हे ठरवणाऱ्या मूल्यांकन संस्थेच्या पत्त्यावर थेट पोहोचावं लागतं. वीस वर्षं जपून ठेवलेल्या, लॅमिनेशन केलेल्या मार्कशीटचा इथे उपयोग नसतो. ते पाकीट येईपर्यंत ती बारावी पास आहे की एम.कॉम., हे अमेरिकेतल्या कुठल्याच कॉलेजला ठाऊक नसतं.

अशा बाईबद्दल आपण बोलतो ते तिच्या जिद्दीबद्दल. तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या स्मरणिकेत तिच्यावर कौतुकाचा लेख येतो. जिद्द लागतेच, पण तिची दोन-तीन वर्षं आणि घरातले हजारो डॉलर जातात ते बहुतेक वेळा आधी शिकलेलंच पुन्हा शिकण्यात. आमचं म्हणणं असं आहे की तिला नवं काही शिकायला लावण्याआधी तिने शिकलेलं नीट मोजलं गेलं पाहिजे. ते मोजण्याची पहिली जबाबदारी महाराष्ट्रातल्या विद्यापीठांची आहे. दुसरी जबाबदारी परदेशातल्या आपल्या समाजाची आहे. अमेरिकेचे कायदे आपल्या हातात नाहीत. ते समजून घेऊन पावलं कोणत्या क्रमाने टाकायची, एवढंच आपल्या हातात आहे.

आधी नावाचं पाहू, कारण तिथेच सगळ्यात जास्त महिने जातात. आपल्या मार्कशीटवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं आणि बऱ्याचदा शेवटी आईचं. लग्नानंतर काढलेल्या पासपोर्टवर आडनाव सासरचं, मधलं नाव नवऱ्याचं, आणि ज्या घरात लग्नात मुलीचं नाव बदलायची रीत आहे तिथे पहिलं नावही वेगळं. अमेरिकेतल्या कारकुनासमोर या दोन वेगळ्या बायका असतात. विवाह नोंदणीच्या प्रमाणपत्राने काम होईल असं वाटतं, पण त्यावर बहुतेकदा वधूचं माहेरचंच नाव असतं. लग्नानंतर ती कोणत्या नावाने ओळखली जाऊ लागली, हे त्यावर लिहिलेलं नसतं. म्हणून नावबदलाची महाराष्ट्र शासन राजपत्रातली प्रसिद्धी हा कागद सगळ्यात उपयोगी पडतो. देश सोडण्याआधी तो काढणं सोपं असतं, सोडल्यावर अवघड. जुन्या मार्कशीटवरचं नाव बदलून घ्यायच्या भानगडीत पडू नये, त्याची गरजही नसते. ट्रान्सक्रिप्ट पदवीवरच्या नावानेच मागवायचं आणि मूल्यांकनाच्या अर्जात 'पूर्वीचं नाव' या रकान्यात ते नाव अक्षरशः तसंच भरायचं, स्पेलिंगसकट. 'व्ही' आणि 'डब्ल्यू'च्या फरकानेही अर्ज थांबतो.

मग प्रश्न येतो कागद मागायचा कुणाकडे. महाराष्ट्रातली विद्यापीठं विभागली गेली आणि त्यांची नावंही बदलली. पुणे विद्यापीठातून १९९० मध्ये उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ वेगळं झालं, शिवाजी विद्यापीठातून २००४ मध्ये सोलापूर, नागपूरमधून २०११ मध्ये गोंडवाना. चंद्रपूरच्या कॉलेजातून २००८ मध्ये बी.एस्सी. झालेल्या बाईचं कॉलेज आज गोंडवाना विद्यापीठात आहे, पण तिची पदवी नागपूरची, म्हणून तिचं ट्रान्सक्रिप्ट नागपूरलाच मागावं लागतं. आधी गडचिरोलीला, गोंडवाना विद्यापीठाकडे, अर्ज करायचा, तिथून नकार घ्यायचा आणि मग नागपूरला जायचं, यात एक प्रवेशसत्र निघून जातं. पुणे विद्यापीठ २०१४ पासून सावित्रीबाईंच्या नावाचं आहे, जळगावचं २०१८ पासून बहिणाबाईंच्या आणि सोलापूरचं २०१९ पासून अहिल्यादेवींच्या. पदवीवर जुनं नाव आणि पाकिटावर नवं, असं दिसलं की मूल्यांकन करणारा शंका काढतो. नामांतराच्या अधिसूचनेचा उल्लेख असलेली एक ओळ विद्यापीठाने ट्रान्सक्रिप्टवरच छापली तर ही शंका येणारच नाही.

ट्रान्सक्रिप्ट मागवताना चुका होतात त्या ठरलेल्याच. फक्त शेवटच्या वर्षाची मार्कशीट जोडली जाते, तिन्ही वर्षांच्या लागतात. एटीकेटी लागली असेल तर नापास झालेल्या प्रयत्नाची मार्कशीटही लागते, ती लपवली की वर्षांचा हिशेब जुळत नाही. मूल्यांकन संस्थेने दिलेला संदर्भ क्रमांक पाकिटावर आणि आतल्या फॉर्मवर नसेल तर पाकीट पोहोचतं, पण कुणाच्या खात्यात घालायचं ते तिथे कळत नाही. एकच प्रत मागवली जाते आणि वर्षभराने दुसऱ्या कॉलेजला किंवा व्यवसायाचा परवाना देणाऱ्या मंडळाला लागते तेव्हा सगळं पुन्हा सुरू. एकाच वेळी चार बंद संच काढून ठेवावेत. ॲपॉस्टिलवर, म्हणजे परदेशात चालावं म्हणून कागदावर घेतलेल्या सरकारी साक्षांकनावर, खर्च करणारेही पुष्कळ आहेत. अमेरिकेतल्या शैक्षणिक मूल्यांकनाला तो सहसा लागत नाही.

मूल्यांकनातही निवड असते. साधा अहवाल फक्त 'ही पदवी अमुकच्या बरोबरीची' एवढंच सांगतो. विषयवार अहवालात प्रत्येक विषयाचे क्रेडिट, म्हणजे अभ्यासाच्या तासांचं माप, आणि श्रेणी असते. कॉलेजात विषयांची सूट मिळवायची असेल तर विषयवारच घ्यावा लागतो. पैसे भरण्याआधी त्या कॉलेजला किंवा परवाना मंडळाला विचारायचं की कोणत्या संस्थेचा अहवाल चालतो. एनएसीईएस या संघटनेच्या सदस्य संस्था बहुतेक ठिकाणी मान्य असतात, पण काही व्यवसायांची स्वतःची वेगळी व्यवस्था आहे. आपल्याकडचे ६२ टक्के पाहून खजील व्हायचं कारण नाही. भारतीय विद्यापीठांतले साठच्या वरचे गुण अमेरिकेतल्या मूल्यांकनात बहुधा 'ए' श्रेणीत बसतात.

एवढं होऊनही सूट नाकारली जाते ती अभ्यासक्रमामुळे. 'जीवरसायनशास्त्र, पेपर दोन' म्हणजे नक्की काय शिकवलं, प्रयोग किती तासांचे होते, हे कॉलेजला हवं असतं. म्हणजे त्या वर्षीचा, विद्यापीठाने साक्षांकित केलेला सिलॅबस. १९९९ किंवा २००५ चा सिलॅबस विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मिळेलच याची खात्री नसते. मग ज्या विषयात तिला प्रथम वर्ग होता तोच विषय ती तीन मुलांच्या शाळेच्या वेळा सांभाळत पुन्हा शिकते, केवळ तो तिने शिकला होता हे दाखवणारा कागद उपलब्ध नाही म्हणून. आम्हाला ही गोष्ट सगळ्यात जास्त खुपते, कारण ती दुरुस्त करायला ना अमेरिकन काँग्रेसचा कायदा लागतो ना व्हिसा. जुन्या पुस्तिका स्कॅन करून वर्षवार संकेतस्थळावर टाकायच्या, एवढंच काम आहे.

मोजणी नीट झाली तर काय फरक पडतो? वाणिज्य शाखेचं उदाहरण घेऊ. अमेरिकेत सीपीए, म्हणजे आपल्याकडच्या सीएसारख्या, परवान्यासाठी वर्षानुवर्षांची अट १५० सेमिस्टर-तासांची, म्हणजे तितक्या क्रेडिटची आहे, काही राज्यांनी अलीकडे कमी तास आणि जास्त अनुभव असा पर्यायही उघडला आहे. तीन वर्षांच्या बी.कॉम.चे बऱ्याचदा ९० तास धरले जातात, एम.कॉम.चे साधारण ३०. उरले ३०. कॅलिफोर्नियाच्या कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे कमी फीच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, रहिवाशाला एका युनिटची (तिथे क्रेडिटला युनिट म्हणतात) फी ४६ डॉलर आहे, म्हणजे तीस युनिटांचे १,३८० डॉलर. याच बाईला 'सगळ्यांसारखं एमएस कर' असा सल्ला मिळाला तर तितक्याच तासांसाठी कित्येक हजार डॉलर जातात. काही राज्यं अकाउंटिंगचे वरच्या पातळीचे विषय कम्युनिटी कॉलेजातले मानत नाहीत, म्हणून राज्य मंडळाचे नियम आधी वाचावे लागतात. तरी मुद्दा तोच राहतो. तिला नवी पदवी नको होती, तीस तास हवे होते.

जिथे अंतर खरंच मोठं आहे तिथे ते लपवू नये. परदेशी फार्मासिस्टने २००३ नंतर पदवी घेतली असेल तर तिथल्या पात्रता परीक्षेला बसायला किमान पाच वर्षांचा अभ्यासक्रम लागतो. आपली बी.फार्म. चार वर्षांची. त्यामुळे औषधनिर्माण शिकलेली बाई औषधाच्या दुकानात टेक्निशियन म्हणून गोळ्या मोजते. बीडीएस झालेल्या दंतवैद्य बाईला दोन-तीन वर्षं पुन्हा दंत महाविद्यालयात घालवावी लागतात आणि तो खर्च घर विकत घेण्याइतका असू शकतो. रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी परवाना कडक असावा, हे आम्हाला मान्य आहे. परीक्षा कठीण असावी, प्रत्यक्ष कामाचे तास तपासले जावेत. पण एका वर्षाच्या उणिवेसाठी एका वर्षाचा पूरक अभ्यासक्रम असावा. सगळं पहिल्यापासून करायला लावलं तर रुग्ण अधिक सुरक्षित होतो असं नाही, बाई तो व्यवसायच सोडून देते.

आता व्हिसा. नवरा एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर असेल तर बायकोला एच-४ हा जोडीदाराचा व्हिसा मिळतो. एच-४ वर शिक्षण घेता येतं, पूर्णवेळ किंवा एकच विषय घेऊनही. नोकरी मात्र करता येत नाही. २०१५ पासून काही एच-४ जोडीदारांना कामाचा परवाना, म्हणजे ईएडी, मिळतो. त्यासाठी नवऱ्याची आय-१४०, म्हणजे नोकरीवर आधारित ग्रीन कार्डची याचिका मंजूर असावी लागते किंवा त्याचा एच-१बी सहा वर्षांच्या पलीकडे वाढलेला असावा लागतो. ऑक्टोबर २०२५ अखेरपासून नूतनीकरणाचा अर्ज प्रलंबित असताना आपोआप मिळणारी मुदतवाढ बंद झाली. त्यामुळे कार्ड संपण्याच्या सहा महिने आधी अर्ज गेला नाही तर नोकरीत खंड पडू शकतो. ग्रीन कार्डच्या रांगेत भारतीयांची प्रतीक्षा दहा वर्षांहून मोठी आहे, कारण वर्षाच्या ग्रीन कार्डांपैकी दर देशाला सात टक्क्यांची मर्यादा आहे आणि ती १९९० च्या कायद्यातली आहे.

यातून एक गोष्ट निघते आणि ती शिक्षण निवडण्याआधी समजली पाहिजे. करिअर बदलून नर्स व्हायचं ठरवलं, कम्युनिटी कॉलेजातून दोन वर्षांचा असोसिएट डिग्रीचा मार्ग धरला, एनसीएलईएक्स ही नर्सच्या परवान्याची परीक्षा उत्तीर्ण झालं, पण ईएडी नाही, तर नोकरी नाही. साध्या नर्सच्या जागेसाठी हॉस्पिटल एच-१बी सहसा मिळवून देऊ शकत नाही, कारण त्या जागेला चार वर्षांची पदवी अनिवार्य मानली जात नाही. शिवाय ईएडीशिवाय सोशल सिक्युरिटी नंबर मिळत नाही. कॅलिफोर्नियासारखी राज्यं परवान्यासाठी त्याऐवजी आयटीआयएन हा कर भरण्याचा क्रमांक स्वीकारतात, पण सगळी नाहीत. म्हणून नर्सिंग हे ईएडी किंवा ग्रीन कार्ड हाती असलेल्या किंवा अगदी जवळ आलेल्या बाईने निवडावं. ज्यांचं ते दूर आहे त्यांनी शरीररचना, शरीरक्रिया आणि सूक्ष्मजीवशास्त्र हे पूर्वविषयही फार लवकर करू नयेत. बऱ्याच कॉलेजांत हे विषय पाच किंवा सात वर्षांत शिळे धरले जातात.

एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर जाऊन ओपीटी, म्हणजे शिक्षणाशी निगडित कामाची तात्पुरती परवानगी घ्यावी, हा दुसरा सल्ला सर्रास दिला जातो. ओपीटी बारा महिन्यांची, स्टेम म्हणजे विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित या विषयांत आणखी चोवीस. मात्र एफ-१ वर पूर्णवेळ शिकावं लागतं, पदवीपूर्व पातळीवर सत्राला किमान १२ क्रेडिट. विषय सोडायचा तर आधी कॉलेजच्या अधिकाऱ्याची परवानगी लागते. विद्यार्थिनी स्वतः आजारी असेल तर भार कमी करून मिळतो. मूल आजारी असेल तर त्याची तरतूद नाही. आईच्या आयुष्याशी हा नियम जुळतच नाही. म्हणून जमेल तितकं शिक्षण एच-४ वरच, आपल्या गतीने करावं आणि ओपीटी खरोखर हवी असेल तर शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला व्हिसाची स्थिती बदलण्याचा आय-५३९ अर्ज करावा. तो मंजूर व्हायला महिने लागतात, त्या काळात एच-४ वर वर्ग चालू राहतात. ओपीटीआधी एक पूर्ण शैक्षणिक वर्ष पूर्णवेळ शिकलेलं असावं लागतं, ते सगळं एफ-१ वरच असलं पाहिजे असं नाही. ग्रीन कार्डची प्रक्रिया सुरू असताना एफ-१ मागणं नाजूक असतं, कारण एफ-१ साठी मायदेशी परत जाण्याचा हेतू दाखवावा लागतो. इथे वकिलाची फी वाचवू नये. नवऱ्याची नोकरी गेली तर साठ दिवसांचाच अवधी असतो, तेव्हा स्थिती बदलण्याचे कागद तयार असणं ही सावधगिरी घरात हवीच.

फीचं थोडक्यात. एच-४ ला केंद्रीय आर्थिक मदत मिळत नाही, ग्रीन कार्ड आल्यावर मिळू शकते. राज्यातल्या रहिवाशाची फी मात्र कॅलिफोर्निया, टेक्सससारख्या राज्यांत एच-४ लाही लागू होऊ शकते. कॅलिफोर्नियात सत्र सुरू होण्याआधी एक वर्ष आणि एक दिवसाचं वास्तव्य दाखवावं लागतं, म्हणून घरभाडं, लायसन्स, बँक खातं यांवर तिचं नाव पहिल्या महिन्यापासून असावं. सगळी बिलं नवऱ्याच्या नावावर ठेवण्याची आपली सवय इथे महाग पडते.

खरा खर्च तासांचा आहे. अमेरिकेच्या केंद्रीय व्याख्येप्रमाणे एक क्रेडिट म्हणजे सत्रभर आठवड्याला एक तास वर्गात आणि किमान दोन तास बाहेर अभ्यास. बारा क्रेडिट म्हणजे आठवड्याला ३६ तास. मुलांची शाळा दुपारी अडीच-तीनला सुटते. हॉस्पिटलमधली क्लिनिकल ड्यूटी सकाळी पावणेसातला सुरू होते, तेव्हा पाळणाघर उघडलेलंही नसतं. उन्हाळ्यात दहा आठवडे मुलं घरी. विषय सुटतात ते बुद्धी कमी पडल्यामुळे क्वचित, मंगळवारी दुपारी पाच वाजताची लॅब आणि मुलाचा ताप एकाच दिवशी आल्यामुळे जास्त. म्हणून पहिल्या सत्रात एक विषय, दुसऱ्यात दोन, हीच गती योग्य. सत्राच्या सुरुवातीला पूर्ण पैसे परत मिळण्याची एक तारीख असते आणि नंतर गुणपत्रकावर 'डब्ल्यू' लावून विषय सोडण्याची दुसरी. या दोन्ही तारखा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहिलेल्या हव्यात, कारण एक 'एफ' नर्सिंगच्या प्रवेशात वर्षानुवर्षं आडवा येतो.

करकायदाही पूर्णवेळ शिकणाऱ्यांनाच ओळखतो. वर्षातले पाच महिने पूर्णवेळ विद्यार्थिनी असलेल्या जोडीदाराचं कागदोपत्री उत्पन्न एका मुलासाठी महिन्याला २५० डॉलर, दोन किंवा जास्त मुलांसाठी ५०० डॉलर धरलं जातं, आणि त्याच्या मर्यादेत पाळणाघराच्या खर्चावर करसवलत मिळते. नऊ क्रेडिट घेणाऱ्या आईला हे बहुधा मिळत नाही. ज्या गतीने आई शिकू शकते, नेमकी तीच गती कायद्याच्या हिशेबात नाही.

ही पोकळी आपली घरं आजी-आजोबांनी भरतात. बी-२ या पर्यटक व्हिसावर साधारण सहा महिन्यांचा मुक्काम मिळतो आणि सत्र सोळा आठवड्यांच्या आसपास असतं, म्हणून ऑगस्टमध्ये एका घरचे आई-वडील, जानेवारीत दुसऱ्या घरचे. सत्तरीच्या माणसांनी परक्या हवेत, अपुऱ्या विम्यावर, सुनेच्या किंवा लेकीच्या परीक्षेसाठी नातवंडं सांभाळणं यात माया अपार आहे, पण समाजाची व्यवस्था म्हणून ते पुरेसं नाही. उत्तर अमेरिकेतल्या मराठी मंडळांची संघटना असलेलं बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून आहे, गावोगावी मंडळं आहेत, रविवारच्या मराठी शाळा आहेत, त्यांच्याकडे वर्गखोल्या आणि मुलं सांभाळण्याचा अनुभव आहे. आपल्याकडे भिशी आहे. तासांची भिशी का लावू नये? शिकणाऱ्या बाईचं घर सोडून आणखी सहा घरं, प्रत्येकाने आठवड्याला तीन तास तिची मुलं सांभाळायची. एकूण अठरा तास होतात, म्हणजे सहा क्रेडिटचा पूर्ण आठवडा, आणि ज्या बाईचं सत्र चालू आहे तिने ते उचलायचे. पैशाची भिशीही चालेल. दहा जणींनी महिन्याला शंभर डॉलर टाकले तर हजार होतात, कॅलिफोर्नियाच्या रहिवासी दराने बारा युनिटांची ५५२ डॉलर फी आणि पुस्तकं त्यात बसतात. मंडळांच्या अधिवेशनाच्या मेजवानीचा खर्च उभा करणाऱ्या समाजाला हे जड नाही.

आपल्याला हे नवं वाटायला नको. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे यांनी १९०९ पासून प्रौढ, विवाहित आणि विधवा स्त्रियांच्या शिक्षणाची सोय उभी केली, परिचारिका घडवल्या आणि राहण्याची व्यवस्थाही केली. बाईला शिकवायचं तर तिच्या घरकामाचे तास आणि निवारा यांचा विचार शिक्षणसंस्थेनेच करायचा असतो, ही समज तेव्हा पुण्यात होती.

देश सोडून गेलेल्यांसाठी महाराष्ट्राच्या विद्यापीठांनी खर्च का करावा, असा आक्षेप येईल. ट्रान्सक्रिप्टची फी बाई भरते आणि खुशीने भरते. शिवाय हीच नोंद लातूरहून पुण्याला आलेल्या, लग्नामुळे शिक्षण तुटलेल्या बाईला बी.एड. किंवा दुसरी पदवी घेताना लागते. २०२१ पासून ॲकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स ही विद्यार्थ्यांच्या क्रेडिटची डिजिटल नोंदवही आली, नव्या विद्यार्थ्यांचे क्रेडिट त्यात जमा होतात. १९९५ किंवा २००६ मध्ये पदवी घेतलेल्या बाईचं तिथे काहीच नाही. पुन्हा शिकायला निघालेल्या बायका नेमक्या याच वर्षांतल्या आहेत.

म्हणून मागण्या नेमक्या आहेत. बंद किंवा डिजिटल ट्रान्सक्रिप्ट ठरलेल्या दिवसांत मिळावं आणि २०१५ च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियमाखाली प्रत्येक विद्यापीठाने त्याची मुदत जाहीर करावी. नाव बदललेल्या पदवीधर स्त्रीला दोन्ही नावं नमूद केलेलं एक साधं पत्र विद्यापीठाने द्यावं. विभाजन झालेल्या विद्यापीठांनी एकमेकांकडे अर्ज स्वतः पाठवावेत, अर्जदाराला परत धाडू नये. आणि १९९० पासूनचे सिलॅबस वर्षवार संकेतस्थळावर असावेत.

हे मागायची जागाही आहे. २०१६ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याप्रमाणे विद्यापीठाच्या अधिसभेत (सिनेटमध्ये) नोंदणीकृत पदवीधर आपले दहा प्रतिनिधी निवडून देतात. या मतदारयादीत नाव नोंदवलेल्या पदवीधर बायका कमी आहेत असं वाटत असेल तर ती यादी आणि नोंदणीचा अर्ज आजच पाहावा, आणि पुढच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला विचारावं: २००१ च्या बी.एस्सी.चं ट्रान्सक्रिप्ट तुमच्या विद्यापीठात किती दिवसांत मिळतं, आणि त्या वर्षीचा सिलॅबस कुठे ठेवलेला आहे?